झुरळांचे औषध आणि नाळेतले रक्त : उत्तर मॅनहॅटनमधील एक प्रकरण

१९९८ नंतरच्या काही वर्षांत न्यूयॉर्क शहरातील हार्लेम, वॉशिंग्टन हाइट्स आणि साउथ ब्राँक्स या वस्त्यांतील कित्येक गरोदर स्त्रिया, दिवस भरत आले असताना, सलग ४८ तास पाठीवर एक लहानशी पिशवी घेऊन वावरत होत्या. पिशवीत हवा ओढणारा पंप होता. बाई श्वासावाटे जी हवा आत घेते तीच हवा पंपातील गाळणीवरून जावी, अशी त्याची रचना होती. कोलंबिया विद्यापीठाच्या बाल-पर्यावरण-आरोग्य केंद्राने, फ्रेडरिका पेरेरा यांच्या नेतृत्वाखाली, हा अभ्यास सुरू केला होता. वाहनांच्या धुरातील घटक, इतरांच्या सिगारेटचा धूर आणि घरात वापरली जाणारी कीटकनाशके यांपैकी काय काय गर्भापर्यंत पोहोचते आणि जन्मानंतर त्या मुलाचे काय होते, हे त्यांना पाहायचे होते. निवडलेल्या स्त्रिया आफ्रिकन-अमेरिकन किंवा डॉमिनिकन वंशाच्या, १८ ते ३५ वयाच्या आणि धूम्रपान न करणाऱ्या होत्या. मधुमेह, रक्तदाब किंवा अमली पदार्थांचे सेवन असलेल्या स्त्रिया आधीच वगळल्या होत्या, जेणेकरून पुढे मुलांत काही वेगळे आढळलेच तर त्याचे खापर या ज्ञात कारणांवर फोडता येऊ नये.

त्या हवेत सापडलेल्या एका कीटकनाशकाभोवती हे प्रकरण फिरते. त्याचे नाव क्लोरपायरीफॉस. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला आणि वाळवीचे काम करणाऱ्या कारागिराला ते नाव नवे नाही.

सुरुवातीच्या पाहणीत ३१४ पैकी २६६ स्त्रियांनी, म्हणजे ८५ टक्क्यांनी, गरोदरपणात घरात कीड मारण्याचा काही ना काही उपाय झाल्याचे सांगितले. १११ घरांत व्यावसायिक फवारणीवाला येऊन गेला होता, आणि त्यांपैकी ४५ टक्के घरांत तो महिन्यातून एकाहून अधिक वेळा येत होता. ज्या ७२ स्त्रियांच्या हवेचे नमुने त्या वेळी तपासले गेले, त्या सगळ्यांच्या नमुन्यांत क्लोरपायरीफॉस होते. येथे 'सगळ्यांच्या' या शब्दाकडे लक्ष द्यायला हवे, कारण फवारणी न केलेल्या घरांतील स्त्रियाही त्यात आल्या. जुन्या इमारतींत पाण्याचे नळ, गटाराचे पाइप आणि भिंतींतील भेगा सर्व मजल्यांना सामाईक असतात. एका घरात फवारणी झाली की झुरळे शेजारी जातात आणि औषधाचा अंश हवेबरोबर इमारतभर फिरतो. चाळीत राहिलेल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. १९९७ मध्ये संपूर्ण न्यूयॉर्क राज्यात, शेतीप्रधान जिल्हे धरूनही, कीटकनाशकांचा सर्वाधिक वापर मॅनहॅटन आणि ब्रुकलिन या शहरी भागांत नोंदला गेला होता.

ही फवारणी निष्काळजीपणातून झाली, असे म्हणता येणार नाही. झुरळांच्या विष्ठेने आणि अवशेषांनी मुलांचा दमा बळावतो, आणि या वस्त्यांत दम्याचे प्रमाण फार होते. घर स्वच्छ आणि बाळ सुरक्षित राहावे म्हणूनच या स्त्रिया फवारणी करवून घेत होत्या. काही ठिकाणी घरमालकाचा माणूस येऊन फवारून जाई आणि भाडेकरूला विचारण्याचा प्रश्नच नसे. बाजारात १९६५ पासून असलेले, स्वस्त, दीर्घकाळ टिकणारे आणि सरकारमान्य औषध होते ते. डब्यावरील सूचना पाळून वापरल्यास ते सुरक्षित आहे, असे त्या काळी कोणीही सांगितले असते.

सुरक्षिततेची जुनी मोजपट्टी

सुरक्षित म्हणजे काय, हे ठरवण्याची रीत समजून घेतल्याशिवाय या प्रकरणाचा पेच कळत नाही. क्लोरपायरीफॉस ऑर्गॅनोफॉस्फेट या गटात मोडते. मज्जातंतू एकमेकांना निरोप देण्यासाठी अॅसिटिलकोलीन हे रसायन सोडतात आणि निरोप पोहोचला की कोलिनएस्टरेज हे विकर ते रसायन मोडून टाकते. शरीरात गेल्यावर क्लोरपायरीफॉसचे ऑक्सॉन हे अधिक जहाल रूप तयार होते. ते या विकराला जखडून ठेवते, निरोप थांबतच नाही, आणि झुरळ आचके देऊन मरते. माणसाला मोठी मात्रा मिळाली तर लाळ गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, घाम, उलट्या, स्नायूंचे फडफडणे आणि शेवटी श्वास बंद पडणे अशी लक्षणे दिसतात. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कीटकनाशकाची विषबाधा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर येते ते चित्र हे, आणि त्यात काही चूक नाही.

कायद्याची मोजपट्टीही याच चित्रावर बेतलेली होती. रक्तातील कोलिनएस्टरेजची क्रिया ठरावीक प्रमाणाहून घटत नसेल, तर ती मात्रा निरुपद्रवी मानायची आणि तिच्याखाली सुरक्षिततेसाठी आणखी काही अंतर ठेवायचे. मॅनहॅटनमधील मातांच्या शरीरात आढळलेले प्रमाण या मर्यादेच्या पुष्कळ खाली होते. त्यांच्यापैकी कोणालाही उलटी झाली नव्हती, कोणाच्या बाहुल्या बारीक झाल्या नव्हत्या, आणि प्रसूतीच्या नोंदीत 'विषबाधा' हा शब्द कुठेही लिहिला गेला नव्हता.

मात्र वाढत्या मेंदूच्या बाबतीत ही मोजपट्टी पुरेशी आहे का, अशी शंका प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना आधीपासून होती. ड्यूक विद्यापीठातील थिओडोर स्लॉटकिन यांच्या गटाने नवजात उंदरांवर केलेल्या प्रयोगांत, कोलिनएस्टरेजवर फारसा परिणाम न होणाऱ्या मात्रेतही मेंदूतील पेशींचे विभाजन आणि त्यांची जोडणी बिघडलेली दिसली होती. शिवाय ऑक्सॉनचे विघटन करणारे पॅराऑक्सोनेज हे विकर नवजात बाळात प्रौढांच्या तुलनेत फारच कमी असते. आईच्या शरीराने सहज पचवलेली मात्रा वारेतून गर्भाकडे गेली, तर तिकडे तिला अडवणारे फारसे कोणी नसते.

म्हणून प्रसूतीच्या वेळी नाळेतील रक्त गोळा करून त्यात खुद्द क्लोरपायरीफॉस मोजायचे ठरले. मूत्रात सापडतात ते बहुधा या गटातील अनेक औषधांचे सामाईक तुकडे, त्यावरून नेमके औषध ओळखता येत नाही. नाळेतील रक्तात मूळ औषधच सापडले, तर ते बाळापर्यंत पोहोचले हे निर्विवाद ठरते. मोजमापाचे एकक होते पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.

मधेच आलेली बंदी

अभ्यास सुरू असताना संशोधकांच्या हाती नसलेली एक गोष्ट घडली. अमेरिकेच्या १९९६ च्या अन्न-गुणवत्ता संरक्षण कायद्याने लहान मुलांसाठी सुरक्षिततेचे अधिकचे अंतर ठेवणे बंधनकारक केले होते. त्यानुसार झालेल्या फेरतपासणीनंतर जून २००० मध्ये पर्यावरण संरक्षण संस्था आणि उत्पादक यांच्यात करार झाला, आणि क्लोरपायरीफॉसचे बहुतेक घरगुती उपयोग बंद करण्याचे ठरले. २००१ संपताना किरकोळ दुकानांतील विक्री थांबली. त्यामुळे त्याच वस्त्यांतील, त्याच परिस्थितीतील, पण बंदीच्या आधी आणि नंतर जन्मलेली मुले अशा दोन तुकड्या आपोआप तयार झाल्या. असा प्रयोग मुद्दाम आखायला कोणतीही नैतिकता समिती परवानगी देणार नाही.

कोलंबियाच्या याच केंद्रातील रॉबिन व्हायट यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार, ज्या बाळांच्या नाळेत क्लोरपायरीफॉस आणि त्याच गटातील डायझिनॉन यांचे एकत्रित प्रमाण सर्वाधिक होते, त्यांचे जन्मवजन सर्वांत कमी प्रमाणाच्या बाळांपेक्षा सरासरी १८६ ग्रॅमने कमी भरले. जानेवारी २००१ नंतर जन्मलेल्या बाळांत मात्र रक्तातील प्रमाणच खूप घटले होते आणि वजनाशी त्याचा संबंधही उरला नव्हता. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत बळकट पुरावा हाच आहे. गरिबी, घराची अवस्था आणि आईचे शिक्षण यांपैकी काहीही एका वर्षात पालटले नव्हते. पालटले होते ते एक औषध.

तिसऱ्या वाढदिवसाला

वजनाचा फरक जन्मतःच दिसला, वागण्याचा दिसला नाही. त्याच केंद्रातील व्हर्जिनिया रॉ यांच्या गटाने २५४ मुलांचा तीन वर्षांपर्यंत पाठपुरावा करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. पहिल्या आणि दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास दोन गटांत ठळक अंतर नव्हते. तिसऱ्या वर्षी ते उघड झाले. नाळेतील रक्तात दर ग्रॅममागे ६.१७ पिकोग्रॅमहून अधिक क्लोरपायरीफॉस असलेल्या मुलांचे, लहान मुलांचा विकास मोजणाऱ्या बेली चाचणीवरील हालचालींच्या विकासाचे गुण सरासरी ६.५ ने आणि बौद्धिक विकासाचे ३.३ ने कमी होते. हा फरक काढताना आईची बुद्धिमत्ता, घरातील वातावरण, मुलाचे लिंग आणि तंबाखूच्या धुराचा संपर्क यांचा हिशेब धरला होता.

वागण्याविषयीची माहिती मातांकडून घेतली गेली. सुमारे शंभर विधानांची एक प्रमाणित प्रश्नावली असते: मूल एका जागी बसू शकत नाही, एक खेळ अर्ध्यावर सोडून दुसऱ्याकडे धावते, हाक मारली तरी बघत नाही, असे प्रत्येक वर्तन आपल्या मुलात मुळीच नाही, थोडेफार आहे की पुष्कळ आहे, हे आईने सांगायचे. अधिक संपर्क झालेल्या मुलांत लक्ष एकाग्र न होण्याच्या, अतिचंचलतेच्या आणि स्वमग्नतेशी मिळत्याजुळत्या लक्षणांच्या तक्रारी लक्षणीयरीत्या जास्त होत्या. या गटातील मुलांची संख्या मुळात थोडी असल्यामुळे 'इतक्या पटींनी जास्त' असे जे आकडे निघाले, त्यांची अनिश्चितता मोठी होती. संबंधाची दिशा स्पष्ट होती, पण त्या आकड्यांचा अचूक अंदाज म्हणून वापर करणे योग्य होणार नाही. आईचे उत्तर हे आईच्या थकव्यावर आणि अपेक्षांवरही अवलंबून असते, हेही खरे. तरी तपासनिसाने स्वतः घेतलेल्या चाचणीचा कौल आणि आईचे निरीक्षण एकाच बाजूला झुकत होते.

तीन वर्षांचे कोणते मूल चंचल नसते, असे यावर कोणीही म्हणेल. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात या मुलांपैकी एखादे आणले असते तर 'मोठे झाले की शांत होईल' असे सांगून डॉक्टरांनी त्याला घरी पाठवले असते, आणि ते चुकीचेही ठरले नसते. एकेका मुलात हा परिणाम ओळखू येतच नाही. तो दिसतो शेकडो मुलांची सरासरी शेजारी शेजारी ठेवल्यावर. त्यामुळे या प्रकरणात बोट दाखवावे असा एकही रुग्ण नाही, आणि न्यायालयात उभी राहून 'माझ्या मुलाचे नुकसान या औषधाने झाले' असे शपथेवर सांगू शकेल अशी एकही आई नाही.

पुढील तपासण्यांत धागा तुटला नाही. सात वर्षांच्या २६५ मुलांच्या चाचणीत, नाळेतील प्रमाण दर ४.६१ पिकोग्रॅमने वाढताना एकूण बुद्ध्यंक १.४ टक्क्यांनी आणि कार्यकारी स्मृतीचे गुण २.८ टक्क्यांनी घसरलेले आढळले. कार्यकारी स्मृती म्हणजे ऐकलेला आकडा मनात धरून पुढची बेरीज करण्याची क्षमता, शाळेत जिच्यावाचून क्षणोक्षणी अडते. २०१२ मध्ये ४० मुलांच्या मेंदूची एमआरआय चित्रे प्रसिद्ध झाली. अधिक संपर्क झालेल्या २० मुलांत मेंदूच्या पृष्ठभागाचे काही भाग फुगीर, तर कपाळामागील आणि माथ्याकडील काही भाग पातळ झालेले दिसले. अकरा वर्षांच्या आसपास काहींच्या हातांत सौम्य कंपही नोंदला गेला.

कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात, लेट्यूस आणि स्ट्रॉबेरीच्या शेतांत राबणाऱ्या, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांतील स्त्रियांवर बर्कली विद्यापीठाच्या ब्रेंडा एस्केनाझी यांचा असाच अभ्यास स्वतंत्रपणे चालू होता. तेथे मोजमाप मूत्रातील तुकड्यांचे होते आणि संपर्काची वाट शेतातून व अन्नातून होती. तरीही गरोदरपणी सर्वाधिक संपर्क झालेल्या पाचव्या हिश्शातील मातांची मुले सात वर्षांची असताना, सर्वांत कमी संपर्काच्या पाचव्या हिश्शातील मुलांपेक्षा बुद्ध्यंकात सरासरी ७ गुणांनी मागे होती, आणि पाच वर्षांच्या वयात त्यांच्यात लक्ष न लागण्याची लक्षणेही जास्त दिसली होती. वस्ती, वंश, व्यवसाय आणि मोजण्याची रीत असे सगळेच वेगळे असताना निष्कर्ष जुळतात, तेव्हा योगायोगाचा युक्तिवाद लंगडा पडतो.

आक्षेप आणि लपलेला उंदीर

उत्पादकांनी आणि काही तटस्थ तज्ज्ञांनीही आक्षेप घेतले. प्रसूतीच्या क्षणी घेतलेला रक्ताचा एक नमुना नऊ महिन्यांच्या संपर्काची साक्ष कशी देईल, हा त्यांतील सर्वांत गंभीर. २०१६ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळानेही नाळेतील आकड्यांवरून थेट कायदेशीर मर्यादा ठरवण्याविषयी साशंकता व्यक्त केली. मला तो आक्षेप रास्त वाटतो. धोका आहे हे सिद्ध होणे आणि किती मात्रेपासून आहे हे ठरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीचा पुरावा दुसरीसाठी पुरतोच असे नाही. दुसरा आक्षेप कच्च्या माहितीचा होता. सहभागी कुटुंबांची ओळख उघड होईल या कारणाने विद्यापीठाने मूळ नोंदी सरकारला दिल्या नाहीत, आणि 'दाखवत नाही म्हणजे काहीतरी दडवले आहे' अशा प्रचाराला त्यातून वाट मिळाली.

गंमत अशी की काहीतरी दडलेले होतेच, फक्त ते दुसऱ्या बाजूला होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस उत्पादकाच्या खर्चाने गाभण उंदरांवर झालेल्या आणि मान्यतेसाठी सादर केलेल्या अभ्यासाचे कच्चे आकडे स्वीडनमधील अॅक्सेल मी व क्रिस्टिना रुडेन आणि डेन्मार्कचे फिलिप ग्रांजाँ यांनी मिळवून २०१८ मध्ये पुन्हा तपासले. तपासलेल्या सर्वांत कमी मात्रेतही पिल्लांच्या लहान मेंदूची (अनुमस्तिष्काची) उंची घटलेली त्यांना दिसली. मूळ अहवालाच्या निष्कर्षात मात्र त्या मात्रेला कसलाही दोष दिलेला नव्हता.

शेतीतील वापराचा प्रश्न दरम्यान न्यायालयात अडकून पडला होता. २००७ मध्ये दोन पर्यावरणवादी संघटनांनी बंदीची मागणी केली. २०१५ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने स्वतःच अन्नपिकांवरील परवानगी मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला, आणि मार्च २०१७ मध्ये नव्या प्रशासनाने नेमलेले संस्थेचे प्रमुख स्कॉट प्रुइट यांनी तो गुंडाळून ठेवला. २०२१ मध्ये एका अपील न्यायालयाने कान उपटल्यावर परवानग्या रद्द झाल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने तो निर्णयच रद्द केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ११ पिके वगळून बाकीच्यांवर बंदी घालण्याचा नवा प्रस्ताव आला. युरोपीय संघाने २०२० मध्येच मान्यता संपवली. कॅलिफोर्नियात त्याच वर्षाअखेर जवळजवळ सर्व वापर थांबला. मे २०२५ मध्ये दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांविषयीच्या स्टॉकहोम करारातील देशांनी, काही सवलती ठेवून, हे रसायन जागतिक बंदीच्या यादीत घातले.

भारतात मे २०२० च्या मसुद्यात बंदीसाठी सुचवलेल्या २७ कीटकनाशकांत क्लोरपायरीफॉसचे नाव होते. त्या यादीतील मोजक्याच रसायनांवर पुढे बंदी आली आणि त्यांत हे नव्हते. महाराष्ट्रात ते पिकांवर फवारले जाते आणि घराच्या पायात, जोत्याभोवती व भिंतींच्या कडेने वाळवीसाठी ओतले जाते. मॅनहॅटनशी थेट तुलना करावी अशी जागा ही दुसरी, वाळवीच्या कामाची, आहे, कारण तिथेही संपर्क बंद खोलीतला, दीर्घकाळ टिकणारा आणि लक्षणे न दाखवणारा आहे. आपल्याकडे माहेरी बाळंतपणाला मुलगी येणार म्हणून घर रंगवून घ्यायची, वाळवी-झुरळांचा बंदोबस्त करून घ्यायची पद्धत आहे. हौसेने केलेले हे काम नेमके सातव्या-आठव्या महिन्यात येते. अशा वेळी फवारणीवाल्याला औषधाचे नाव विचारणे, डब्यावरील घटक वाचणे आणि वाळवीचे काम गरोदर मुलगी घरात नसताना उरकणे एवढे तरी कोणत्याही घराला करता येते.

झुरळांचे काय करायचे, याचे उत्तर त्याच न्यूयॉर्कमध्ये शोधले गेले. संशोधकांनी २५ गरोदर स्त्रियांच्या घरांत फवारणीऐवजी दुरुस्तीचे काम काढले. गळणारे नळ दुरुस्त केले, सिंकखालच्या आणि पाइपांभोवतीच्या भेगा लिंपल्या, अन्न झाकून ठेवण्याविषयी घरच्यांशी बोलणे केले, आणि जेथे औषध लागलेच तेथे हवेत न मिसळणारे, फटीत ठेवायचे जेल आणि आमिष वापरले. तुलनेसाठीची २७ घरे जशी होती तशीच ठेवली. दुरुस्ती झालेल्या घरांत झुरळे लक्षणीयरीत्या घटली आणि प्रसूतीच्या वेळी तपासलेल्या त्या मातांच्या रक्तात कीटकनाशकाचा अंश सापडला नाही. उरलेल्या घरांतील काही मातांच्या रक्तात तो होता.